पीटीटी दाबला की सेट बंद : उन्हाळ्यात हमखास येणारी तक्रार

मार्च संपत आला की सोलापुरातल्या हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींमध्ये एक तक्रार ठरलेली. "कालपर्यंत बरा चालत होता, आज पीटीटी दाबला की सेट बंद." पीटीटी म्हणजे माइकवरचं बोलायचं बटण. कुणाचा डिस्प्ले क्षणभर मंद होतो आणि रेडिओ परत सुरू होतो. कुणाचा आवाज समोरच्याला फाटका ऐकू जातो. कुणाचा सेट एफटी-८ वर (कॉम्प्युटरमधून छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीवर) पाच-सात सेकंदांत मान टाकतो, आणि तोच सेट एसएसबीवर (आवाजाने बोलायच्या पद्धतीवर) तासभर गप्पा मारल्या तरी कुरकुरत नाही. पहिला संशय फायनल ट्रान्झिस्टरवर, म्हणजे सिग्नलला शेवटची ताकद देणाऱ्या भागावर जातो, दुसरा अँटेनावर. मग रेडिओ खोक्यात घालून दुरुस्तीला पाठवायचा, आणि पंधरा दिवसांनी "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी घेऊन तो परत येतो. दोष आढळणार कसा? दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर त्याचा सप्लाय असतो, त्याच्या वायरी असतात. आपला दोष आपल्या टेबलामागे तसाच राहिलेला असतो.

रेडिओ उघडायच्या आधी एवढंच ठरवायचं आहे, की त्याला वीज कमी पडते आहे की त्याचाच आरएफ, म्हणजे त्यानेच बाहेर सोडलेली रेडिओ ऊर्जा, फिरून त्याच्या अंगावर येतो आहे. दोन्हीत लक्षणं जवळपास सारखी, उपाय मात्र एकमेकांशी अजिबात संबंध नसलेले. वीज कमी पडत असताना आरएफ अडवणारे फेराइटचे मणी ओवत बसलात, किंवा आरएफ मागे येत असताना जाड वायर टाकलीत, तर पैसे जातील आणि तक्रार तिथेच राहील.

निवाडा करायला डमी लोड लागतो, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा, सगळी पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध. अँटेनाची केबल काढा, ५० ओहमचा डमी लोड लावा, पॉवर पूर्ण ठेवा, सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएम मोड घ्या आणि दहा सेकंद कॅरिअर, म्हणजे सलग सिग्नल सोडा. डमी लोडवरही सेट बंद झाला तर दोष बहुधा डीसी बाजूला, म्हणजे सप्लाय आणि वायरींकडे आहे. डमी लोडवर निवांत चालला आणि अँटेना लावली की नखरे सुरू, तर आरएफ. आणखी एक खूण आहे. वीज कमी पडण्याची तक्रार सगळ्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर; ४० मीटर, २० मीटर ही त्यांची तरंगलांबीवरून पडलेली नावं) थोड्याफार फरकाने सारखी असते, आरएफची तक्रार मात्र एका बँडवर जोरात आणि शेजारच्या बँडवर गायब असू शकते. ४० मीटरवर बंद पडणारा सेट २० मीटरवर गुण्यागोविंदाने चालत असेल तर वायरीला हात लावू नका, थेट खालच्या आरएफच्या भागाकडे जा.

डमी लोड नसेल तर घरी बनतो. १ किलोओहमचे, २ वॅटचे २० कार्बन किंवा मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम होतात आणि ४० वॅट सहज पचतात. डब्यात तेल भरून त्यात बुडवले तर थोडा वेळ १०० वॅटही सोसतात. वायरवाउंड रेझिस्टर चालत नाहीत, त्यांचं इंडक्टन्स आडवं येतं. तेल ट्रान्सफॉर्मरचं घ्या. घरात आहे म्हणून करडईचं ओतणारे महाभाग आहेत. ते काही महिन्यांत घट्ट चिकट होतं आणि खोलीभर खवट वास सुटतो.

आधी डीसी बाजू, कारण उन्हाळ्यातल्या तक्रारी बहुतेक इथेच निघतात.

१०० वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) ट्रान्सीव्हर १३.८ व्होल्टवर पूर्ण पॉवरला साधारण २० ते २३ अँपिअर खेचतो. नुसता ऐकत असताना एक-दीड अँपिअर. बहुतेक कंपन्या पुस्तिकेत १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं लिहितात, म्हणजे खालची हद्द ११.७ च्या आसपास. लक्षात घ्या, हा व्होल्टेज सप्लायच्या मीटरवर दिसणारा नाही, रेडिओच्या पाठीवर पोचणारा. सप्लायच्या डिस्प्लेवर १३.८ दिसतात म्हणून निर्धास्त राहणारे लोक नेमके इथे फसतात. एसएसबीमध्ये हा करंट फक्त बोलण्याच्या उंचवट्यांवर क्षणभर लागतो, म्हणून सेट निभावून नेतो. एफटी-८ मध्ये १२.६४ सेकंद सलग कॅरिअर असतो. आवाजावर चालतो आणि एफटी-८ वर पडतो, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं.

मोजायचं कसं? मल्टीमीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. एक काडी सप्लायच्या प्लस टर्मिनलवर, दुसरी त्याच प्लस वायरच्या रेडिओकडच्या टोकावर. म्हणजे एकाच वायरची दोन टोकं. मित्राला डमी लोडवर कॅरिअर सोडायला सांगा. मीटर जे दाखवेल तो त्या वायरीत वाटेत गेलेला व्होल्टेज. मग तसंच मायनसला. त्यानंतर एकेक जोड घ्या: टर्मिनल ते थिंबल (वायरीच्या टोकाला चेपून बसवतात ते धातूचं टोक), थिंबल ते वायर, फ्यूज होल्डरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, प्लगची नर पिन ते मादी पिन. हे अँटेनावर करू नका, आरएफ असला की स्वस्त मल्टीमीटर वाट्टेल ते आकडे दाखवतो.

अशोक चौकाकडच्या एका मित्राच्या शॅकमधले (रेडिओच्या खोलीतले) आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. कॅरिअर सोडल्यावर सप्लायच्या टर्मिनलवर १३.७, रेडिओच्या पाठीवर ११.९. मधल्या मध्ये १.८ व्होल्ट गुल. मायनस वायरीत ०.५, प्लसमध्ये १.३. तीन मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत २२ अँपिअरला साधारण अर्धा व्होल्ट जाणारच. तिचा रोध मीटरला ७.४ मिलिओहम असतो, हिशेब जुळतो. पण प्लसमधले वरचे ०.८ कुठे गेले? फ्यूज होल्डरमध्ये. गाड्यांना लावतात तसला ब्लेड फ्यूजचा काळा होल्डर होता, आतल्या पट्ट्या सैल झालेल्या आणि एका बाजूने कार्बन धरलेला. ०.८ व्होल्ट गुणिले २२ अँपिअर म्हणजे साडेसतरा वॅट उष्णता, त्या इवल्याशा प्लास्टिकमध्ये. बोट लावलं तर चटका बसत होता आणि वायरीवरचं लाल आवरण त्या टोकाला चॉकलेटी पडलं होतं. होल्डर बदलला आणि वायर ६ चौरस मिलिमीटरची टाकून अंतर निम्मं केलं, की त्याच सप्लायवर रेडिओच्या पाठीवर १३.४ मिळू लागले. रेडिओ तोच, सप्लाय तोच.

फ्यूज काढून टाकू नका मात्र. "होल्डरच त्रास देतो तर डायरेक्टच करू" असं म्हणणारे भेटतात. बॅटरीवर चालवत असाल तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. ट्यूब्युलर बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, वायर पेटायला निमित्त पुरतं.

वायर विकत घेताना एक तपासणी कराच. बाजारात लाल-काळी जोडवायर मिळते, छान मऊ आणि जाड. तिच्यातली बरीचशी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने दोन-चार तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर ती वायर स्पीकरला ठेवा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या घरात असतो, शिवाय थिंबलमध्ये ती कालांतराने सैल होते. वजनावरूनही कळतं. जाडी भरपूर आणि बंडल उचलल्यावर हलकं लागलं, की समजायचं.

थिंबलच्या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान आहोत. पॉवरलूमच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकानं गावात जागोजागी आहेत आणि तिथे हायड्रॉलिक क्रिंपर, जाड तांब्याची थिंबलं सगळं असतं. वायर मापाने कापून न्या, "अण्णा, दोन्ही टोकांना सहा नंबर थिंबल पंच करून द्या" म्हणा, काम चहा येईपर्यंत होतं. पक्कडीने चेपलेलं थिंबल आणि दाबून पंच केलेलं थिंबल यांत मिलिओहमचा फरक असतो, आणि हा सगळा खेळच मिलिओहमचा आहे. सुटी पिळलेली तार स्क्रूखाली दाबून ठेवणं, तिच्यावर आधी शिसं चढवून मग स्क्रू आवळणं, हे दोन्ही टाळा. शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं आणि गरम-थंड होत राहिलं की स्क्रू ढिला होतो.

आता उन्हाळाच का? सैल जोड वर्षभर सैलच असतो. पण पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या खोलीत मे महिन्यात ४२-४३ अंश बाहेर आणि आत त्याहून जास्त असतं. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, तो फार नाही. खरा मार एसएमपीएसला, म्हणजे स्विचिंग पद्धतीच्या सप्लायला बसतो. सीसीटीव्हीवाले वापरतात तो जाळीच्या पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्ट ३० अँपिअरचा सप्लाय आपल्यात लोकप्रिय आहे, स्वस्त आहे, चालतोही. पण १२ गुणिले ३० म्हणजे ३६० वॅट ही त्याची एकूण ताकद. बाजूचा पोटेन्शिओमीटर फिरवून १३.८ केले की त्याच ताकदीत २६ अँपिअरच मिळतात. शिवाय असल्या सप्लायच्या पत्रकात ४५-५० अंशांच्या पुढे क्षमता कमी धरा असं बहुधा लिहिलेलं असतं. आत पिंजणीची रुई आणि धूळ बसून पंखा जाम झाला असेल, आणि लूमच्या भागात ती बसतेच, तर २६ चे २० कधी होतात कळत नाही. दर उन्हाळ्याच्या तोंडावर डबा उघडून ब्रशने साफ करा. मेन्स काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहतो. प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि मीटरने बघूनच हात घाला.

जुन्या लोकांकडे २एन३०५५ ट्रान्झिस्टरवाले, जड ट्रान्सफॉर्मरचे घरगुती लिनिअर सप्लाय अजून आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. संध्याकाळी लूम, कूलर आणि एसी एकदम चालू असताना गल्लीतला व्होल्टेज १९० वर आला की रेग्युलेटरला राखायला काही उरत नाही. सेट बंद होण्याच्या आधी कॅरिअरवर १०० हर्ट्झची घुरघुर येते. समोरच्याने "तुमच्या सिग्नलवर हम आहे" असं सांगितलं तर वायर तपासायच्या आधी मेन्सचा व्होल्टेज बघा.

बॅटरीवाल्यांनी टर्मिनल बघावीत. पांढरा-हिरवा थर साचला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, घासून चकचकीत करा, आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. लेड-ॲसिड बॅटरी २० अँपिअरच्या भाराखाली १२.२ च्या आसपास येते. त्यात वायरीत पाऊण व्होल्ट गेला तर ११.७ च्या खाली गेलातच. म्हणून सप्लायवर "चालून जाणारी" वायरिंग बॅटरीवर उघडी पडते. आणि व्होल्टेज कमी असताना सेट बंद नाही पडला, तरी फायनल स्टेज नीट रेषेत चालत नाही. सिग्नल शेजारच्या स्टेशनवर पसरतो. आपल्याला काही कळत नाही, शिव्या मात्र बँडभर पडतात.

डमी लोडवर सगळं सुरळीत, तर आता आरएफ.

याची लक्षणं एकदा ओळखीची झाली की चुकत नाहीत. धातूच्या माइकला ओठ लागला की मुंग्या येतात. कॉम्प्युटरचा माउस गोठतो. टेबलावरचा एलईडी बल्ब बोलण्याच्या लयीत लुकलुकतो. पीटीटी सोडला तरी सेट ट्रान्समिटवरच अडकतो. सप्लायच्या मीटरची सुई किंवा आकडे बोलण्याबरोबर उड्या मारतात, आणि काही एसएमपीएस तर आरएफ शिरला की स्वतःचं संरक्षण लागू करून सरळ बंद होतात. हे शेवटचं सगळ्यात फसवं, कारण दिसायला ते हुबेहूब वीज कमी पडल्यासारखंच असतं.

आपल्याकडे याचं मूळ बहुतेक वेळा गच्चीवरच्या एंड-फेड हाफ-वेव्हमध्ये, म्हणजे एका टोकाला सिग्नल दिलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनामध्ये असतं. वीसेक मीटर वायर, टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, तिथून कोॲक्स केबल खाली खोलीत. जागा कमी लागते, एकच खांब पुरतो, ४०, २०, १५, १० मीटर सगळं चालतं, म्हणून सगळ्यांनी तेच टांगलंय. पण त्या अँटेनाला परतीची वाट लागतेच, आणि वेगळी दिली नाही तर ती कोॲक्सच्या शील्डच्या (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीच्या) बाहेरच्या पृष्ठभागावरून वाट काढते. म्हणजे कोॲक्स हाच अँटेनाचा भाग झाला आणि त्याचं टोक आपल्या टेबलावर आलं. ट्यूनर लावून रेडिओला एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते त्याचं माप) १:१ दाखवला तरी शील्डवरचा हा करंट तसाच वाहत राहतो. "माझा एसडब्ल्यूआर चांगला आहे, म्हणजे आरएफचा प्रश्नच नाही" हे वाक्य म्हणूनच बाजूला ठेवा.

उपाय कॉमन-मोड चोक, म्हणजे शील्डवरचा हा करंट अडवणारी गुंडाळी. एफटी-२४०-४३ किंवा एफटी-२४०-३१ टोरॉइडवर (फेराइटच्या रिंगवर) आरजी-५८ कोॲक्सचे १० ते १२ फेरे. ४० मीटर आणि खालच्या बँडसाठी ३१ नंबरचं मिश्रण सरस. डायपोल असेल तर चोक वर, फीडपॉइंटलाच. एंड-फेडला मात्र अगदी ट्रान्सफॉर्मरला चिकटून लावू नका, नाहीतर परतीची वाटच तोडल्यासारखं होतं. ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड टोकाला ४० मीटरसाठी दोनेक मीटरची काउंटरपॉइज, म्हणजे परतीच्या वाटेची वायर द्या आणि चोक त्याच्या पुढे. किंवा दोनेक मीटर कोॲक्स सोडून मग चोक. खोलीत शिरताना आणखी एक लावलात तर बिघडत नाही.

टोरॉइड मिळेपर्यंत चार इंची पीव्हीसी पाइपवर कोॲक्सचे आठ-दहा फेरे शेजारी-शेजारी गुंडाळा. एखाद-दोन बँडवरच नीट काम करतो, पण दोष कुठे आहे ते कळायला पुरतो. फरक पडला तर रोगाचं नाव समजलं.

क्लिप-ऑन फेराइटबद्दल गैरसमज भरपूर. यूएसबी केबलला एक डबी अडकवली आणि काही फरक पडला नाही म्हणून लोक फेराइटलाच नावं ठेवतात. ७ मेगाहर्ट्झला एका डबीतून सरळ गेलेल्या केबलला काही दहा ओहमांचाच अडथळा होतो. अडथळा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मोठ्या रिंगमधून तीच केबल पाच वेळा फिरवली की साधारण पंचवीसपट. केबल लांब घ्यावी लागेल, एवढंच. माइकची वायर, सप्लायची डीसी वायर, यूएसबी, या क्रमाने करून बघा. डीसीच्या दोन्ही वायरी एकत्र एकाच रिंगमधून न्यायच्या; प्लस एकटी नेली तर त्या करंटने फेराइट संपृक्त होतो आणि निकामी होतो.

कोॲक्सच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर काढून बघा. शील्ड नुसती स्क्रूखाली चेपलेली, डाग (सोल्डर) दिलेलाच नाही, असे तयार लीड सर्रास मिळतात. हलवल्यावर एसडब्ल्यूआर बदलत असेल तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी तो नीट करा.

राहिलं अर्थिंग, ज्यावर आपल्या गावात सगळ्यात जास्त वाद होतात. सेट बंद पडला की कुणीतरी सांगतंच, "काय बे, अर्थिंगमध्ये पाणी घाल की, माती वाळली असेल." माती वाळते हे खरं. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, रॉड आणि मातीमध्ये फट राहते आणि अर्थचा रोध चढतो. विजेच्या सुरक्षिततेसाठी पाणी घालणं, मीठ-कोळसा किंवा बेंटोनाइट भरणं योग्यच आहे; आयएस ३०४३ हे भारतीय मानक त्याच साठी आहे. पण शॅकमधला आरएफ त्याने जात नाही. दुसऱ्या मजल्यावरून वळणं घेत खाली आलेली दहा-साडेदहा मीटरची अर्थ वायर ४० मीटर बँडवर पाव तरंगलांबी भरते. खालचं टोक जमिनीला कितीही घट्ट असो, वरचं टोक त्या फ्रिक्वेन्सीला जवळपास तुटल्यासारखं वागतं. कित्येकदा ती वायर जोडल्यावर आरएफ वाढतो, आणि मंडळी आणखी एक खड्डा खणतात! टेबलावरच्या सगळ्या वस्तूंच्या बॉडी रुंद तांब्याच्या पट्टीने एकमेकींना जोडा आणि चोक लावा, हे त्या दुसऱ्या खड्ड्यापेक्षा शंभरपट कामाचं.

खड्डा खणलाच असेल, तर शॅकची अर्थ आणि घराच्या मेन्सची अर्थ जाड वायरने एकत्र जोडलेली असलीच पाहिजे. दोन वेगवेगळ्या अर्थ म्हणजे वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की त्या दोघींमधला हजारो व्होल्टचा फरक आपल्या रेडिओतून वाट शोधतो. आणि आभाळ भरून आलं की कोॲक्स काढून खिडकीबाहेर ठेवायचा, त्यात चर्चा नको.

लूमच्या मोटारी आणि ड्राइव्हमुळे रिसीव्हरवर येणारा खरखराट हा या तक्रारीत मिसळू नका. तो ऐकतानाचा प्रश्न आहे, त्याची औषधं निराळी.

डमी लोडवर, रेडिओच्या पाठीवर १३ च्या वर व्होल्ट मिळत असतानाही सेट पडत असेल, तर मात्र आत काहीतरी आहे. आधी करंट बघा. १०० वॅटला २३ च्या बऱ्याच पुढे जात असेल तर फायनल किंवा बायसचा दोष. करंट बरोबर असून पडत असेल तर पाठीमागच्या डीसी सॉकेटच्या पिनचा डाग तडकलेला असू शकतो, तो भिंगाखाली गोल रेघेसारखा दिसतो. संध्याकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळी ठरल्या वेळी रेडिओवर जमतात तिथे, मदत मागताना नुसतं "बंद पडतो" सांगू नका ओएम (हॅम मंडळींची एकमेकांना हाक). सप्लायवर किती व्होल्ट, पाठीवर किती, करंट किती, डमी लोडवर काय झालं आणि कोणत्या बँडवर, एवढं लिहून जवळ ठेवा.